ढवळलेली भाजी

दोघींनी पातेल्याचे कान फडक्यात धरले आणि भाजी हॉलमागच्या मोरीत ओतली. मायाळूची पानं, लाल माठ, अळू, सुरणाच्या फोडी, मक्याची कणसं, सगळं जाळीवर येऊन बसलं. पाणी तुंबलं. मग एकीने खराट्याच्या दांड्याने ते खाली ढोसायला सुरुवात केली. पानं गेली, कणसं जाईनात. ती हाताने उचलून काळ्या पिशवीत भरली. सगळ्या नऊवारीत, नाकात नथी.

आमची जुनी शेजारीण मोरीच्या दाराशी परात घेऊन उभी होती. परातीत निवडायची राहिलेली मूठभर पानं होती.

“काय झालं गो?” तिने विचारलं.

“काही नाही हो काकू, खारट झाली,” आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष म्हणाली. “नैवेद्याला खारट कशी ठेवायची? दुसरी टाकतो पटकन. टाइम आहे अजून.” मग ती माझ्याकडे वळली. “हो ना मावशी? तुम्ही इथेच होता ना?”

मी खुर्चीवर बसले होते. मी मान हलवली.

तिने माझ्याकडे बघितलं. फार नाही, भाकरी उलटायला लागतो तेवढाच वेळ. मग परात काखेत धरली आणि लिफ्टकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, झाली असेल खारट, एवढ्या माणसांच्या भाजीत मिठाचा अंदाज चुकतो. नव्हती झाली. ऋषीपंचमीची भाजी नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखत नाही. त्या दिवशीही कोणी चाखली नव्हती. मग खारट आहे हे कोणाच्या जिभेला कळलं? इतक्या बायकांत हा प्रश्न एकीलाही पडला नाही. पडला असेल तर तिने तो गिळला. मीही गिळला.

माझं गिळणं जास्त वाईट, कारण माझी चव या बिल्डिंगीत चालते. मी चौथी शिकलेली बाई. गिरणी बंद पडली आणि नवरा घरी बसला, तेव्हा परळला खानावळ काढली आणि वीस वर्षं चालवली. आजही कोणाच्या घरी पाहुणे असले की रश्शाची वाटी माझ्याकडे येते. मावशी, मीठ बघा. मी मान हलवली की विषय मिटतो. त्या दिवशीही मिटला.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या मुलाला विचारलं, तो नको म्हणाला. 

जुन्या चाळीत ती आमच्याच मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहायची. ती रत्नागिरीकडची, आम्ही मालवणकडचे. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच गिरणीत, एकाच खात्यात, एकाच पाळीला. ती इस्पितळात लेबर वार्डात आया होती. तिच्याकडे भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्याकडे गणपतीची. आमच्यात काय तो एवढाच फरक, असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं सांगायचे. मी तिला अगंतुगं करायचे आणि ती मला ‘वहिनी, तुम्ही’ म्हणायची. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोणीच विचारलं नाही.

तिच्या दाराबाहेर गॅलरीत रंगाचं एक रिकामं पिंप होतं आणि त्यात मायाळूचा वेल. सुतळ्या बांधून तिने तो वर पत्र्यापर्यंत चढवला होता. ज्यांना फक्त पालक माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. मायाळू पालकासारखाच, पण पान जाड, तुकतुकीत, अंगठ्याखाली दाबलं तर मांसल लागतं. पावसाळ्यात पालकाच्या जुडीत निम्मा चिखल येतो. मायाळू मात्र त्याच दिवसांत माजतो. शिजला की जरा बुळबुळीत होतो, म्हणून त्याला चिंच किंवा कोकम हवंच. चणाडाळ घालून पातळ भाजी करा, जवळा घालून सुकी करा, नाहीतर अख्खं पान बेसनात बुडवून तेलात सोडा, टम्म फुगतं. माझ्या धाकट्याला सारखं तोंड यायचं, घास लागला की रडायचा. तिनेच पानं आणून दिली आणि म्हणाली, “वरणात शिजवा, मिरची नको, चार दिवस द्या.” चौथ्या दिवशी पोरगा लोणचं मागायला लागला.

पानं मागायला कोणी गेलं की ती म्हणायची, “विचारतेस काय, खुड!” आणि लगेच मागून ओरडायची, “पान नको ओढू, शेंडा खुड. शेंड्याला दोन फुटतात.” एकदा आमच्या शेजारणीने घाईत अख्खी फांदी ओढून काढली. तेव्हा म्हणाली, “अशी ओरबाडतेस जशी काय वेल उद्याच्या गाडीने गावाला चाललाय.” सगळा मजला हसला. शेजारीणही हसली, आणि फांदी घेऊन गेली.

वेलाला जांभळी बोंडं धरली की चाळीतली पोरं ती चुरडून हातावर घड्याळं काढायची. भिंती रंगायच्या. चाळीचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला तेव्हा तिने त्याच्याच हातात जुडी ठेवली. “घरी न्या, बायकोला द्या, मग सांगा वेल काढू की ठेवू.” वेल राहिला.

ऋषीपंचमीला तर तिच्या दाराशी रांग लागायची. आमच्यात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही, हाताने लावलेलं, परसातलंच हवं. परळच्या चाळीत कोणाला आलंय परस? बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात, पण ते कुठल्या शेतातले हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिच्या पिंपातल्या वेलाने बैल कधी बघितलाच नव्हता. म्हणून आमचं व्रत तिच्या पानांवर चालायचं. तिच्याकडे हे व्रत नव्हतंच. तरी ती आदल्या संध्याकाळी वेलाला पाणी मारून ठेवायची आणि सकाळी घरटी जुडी बांधायची.

पान चालायचं. शिजवलेलं चालायचं नाही. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

पहिल्या पावसाळ्यात तिने माझ्या पोरांसाठी मायाळूची भजी पाठवली. ताटलीत नीट रचून, वर कागद. “गरम आहेत वहिनी, लगेच द्या.” मी म्हटलं, “कशाला गो त्रास घेतलास?” ती गेली. मी ताटली फळीवर ठेवली. पोरं शाळेतून यायच्या आत ती भजी खाली हातगाडीवाल्याला देऊन आले. मग ताटली घासली. शेजारणीची ताटली रिकामी पाठवू नये, म्हणून तिच्यात साखर घातली आणि परत दिली. म्हणजे रीत पाळली! मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं त्या दिवशी.

तिला कळलं होतं. हातगाडीवाला तिचाच गाववाला निघाला. ती भांडली नाही. त्यानंतर तिने आमच्याकडे शिजवलेलं कधी पाठवलं नाही. पानं मात्र येत राहिली.

आणि हीच बाई लेबर वार्डात आमच्या सुनांचे घाम पुसायची. आजच्या आमच्या अध्यक्षबाईचे दोन्ही मुलगे जन्मल्यावर आधी तिच्याच हातात आले. मोठ्याच्या वेळी दोन दिवस कळा चालल्या होत्या. आपली पाळी संपली तरी ती घरी आली नाही, तिच्याजवळ बसून राहिली. तो हात तेव्हा चालला. तुम्हीही अशी चाळ बघितली असेल. नसेल बघितली, तर नीट बघा, तुम्ही राहता तिथेच असेल.

मग चाळ पाडली आणि त्याच जागी बावीस मजली बिल्डिंग उभी राहिली. मी मुलाबरोबर सातव्यावर, ती तिच्या मुलाबरोबर अकराव्यावर. तिने वेलाचा तुकडा मधल्या वर्षांतल्या भाड्याच्या घरातही जगवला होता, तो आणून खिडकीच्या जाळीत लावला. अकराव्या मजल्यावरच्या वाऱ्याला पानं जरा लहान झाली, पण धरला.

बिल्डिंगीत महिला मंडळ निघालं. ऋषीपंचमी आता घरोघर नाही, हॉलमध्ये सगळ्यांची मिळून करायची असं ठरलं. अध्यक्षबाईने तिला सांगितलं, “काकू, मायाळू तुम्हीच आणायचा आणि निवडूनही तुम्हीच द्यायचा. तुमच्यासारखा कोणाला जमत नाही.” ती परात भरून पानं घेऊन आली. कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं आणि निवडत बसली. नवीन साडी नेसली होती, पिवळी.

भाजी गॅसवर चढली. मीठमसाला घालून झाला. तेवढ्यात कोणाला तरी फोटोची आठवण झाली. सगळ्या नऊवाऱ्या सावरत खालच्या बागेत गेल्या. माझे गुडघे धड नाहीत, म्हणून मला म्हणाल्या, “मावशी, तुम्ही बसा, गॅसकडे लक्ष ठेवा.” तिला कोणी काही म्हणालं नाही. ये नाही, बस नाही. ती पानं निवडत होती.

पाच मिनिटांत वास आला. तळाला लागायला लागली होती.

“अगं बाय, लागतेय,” मी म्हणाले. “हलव जरा.”

“मी?” ती म्हणाली.

“मग काय मी उठू?”

ती उठली. नळावर हात धुतले, लेबर वार्डात धुतात तसे कोपरापर्यंत. गॅस बारीक केला, पळीने तळ सोडवला, चार वेळा भाजी वरखाली केली. मिठाच्या बरणीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. एवढं मी सहा हातांवरून बघत होते. तेवढ्यात बायका परत आल्या, आणि पळी तिच्या हातात होती.

कोणी ओरडलं नाही. हल्ली कोणी ओरडत नाही. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, “अय्या, काकूंनी केली?” ती पळी ठेवून पानांकडे गेली, तेव्हा अध्यक्षबाईने पातेल्यात डोकावून बघितलं, चाखलं नाही, हुंगलंसुद्धा नाही, आणि हळूच म्हणाली, “खारट झालेली दिसतेय.”

दिसतेय! मीठ दिसतं कोणाला? खानावळीत वीस वर्षं मी ढीगभर भाज्या केल्या, मला एकीतलं मीठ डोळ्यांनी दिसलं नाही. पूर्वीची माणसं निदान तोंडावर बोलायची. वाईट बोलायची, पण बोलायची. याही वाईटच, पण यांना वर चांगलंही दिसायचं असतं. म्हणून मिठावर घातलं.

आणि मी? ‘मीच तिला हलव म्हणाले,’ एवढंच बोलायचं होतं. मला पुरणाच्या स्वयंपाकाची बोलावणी येतात, हळदीकुंकवाला पहिला मान मिळतो. तो जाईल असं वाटलं. दुसरं काही नाही. उगाच मोठं कारण सांगत नाही.

पुढल्या वर्षी गणपतीच्या आधी त्याच बायका पिशव्या घेऊन अकराव्या मजल्यावर गेल्या. मला पुढे घातलं होतं. हो, त्याच बायका. लाज नावाची वस्तू आम्ही चाळीच्या राडारोड्याबरोबर टाकून आलो असणार.

तिने दार उघडलं. पिशव्या बघितल्या.

“यंदा नुसती पानं नाहीत,” ती म्हणाली. “शिजवून ठेवीन. पंचमीला ज्यांना खायची त्यांनी इथे यायचं. दार उघडं असेल.”

“अहो काकू, पण नैवेद्य दाखवायचा असतो,” अध्यक्षबाई म्हणाली.

“दाखवा की. ताट घेऊन या, वाढून देते. मीठ तुम्ही सांगाल तेवढंच घालते.”

 लिफ्टचं दार लागल्यावर सगळ्या सुरू झाल्या. “किती हट्टी झाल्यात ना!” “ईगो बघितलास?” “आपण एवढं मानाने बोलावतो यांना.” मी मधोमध उभी होते. तेव्हाही गप्प होते.

पंचमीला बाजारातून मायाळू आला. कुठल्या शेतातला, कुठल्या बैलाचा, कोणी विचारलं नाही. व्रत झालं, फोटो झाले.

मी गुडघे दुखतात सांगून हॉलमध्ये गेले नाही. लिफ्टने अकराव्यावर गेले. धीर आला म्हणून नाही, घरी बसवेना म्हणून. दार उघडं होतं. ओट्यावर मोठं पातेलं, शेजारी दहा-बारा ताटल्या पालथ्या घालून ठेवलेल्या. एकही उलटलेली नव्हती. दुपारचे दोन वाजले होते.

“या वहिनी,” ती म्हणाली. “गुडघे काय म्हणतात?”

“आहेत.”

तिने एक ताटली उलटी केली आणि भाजी वाढली. कोकम, वर ओलं खोबरं. सोबत वरीचा भात. चाळीस वर्षांच्या शेजारात तिच्या हातचं मी पहिल्यांदा खाल्लं. ती समोर बसून बघत होती.

“मिठाला कशी आहे?”

“बरोबर आहे.”

“नीट सांगा हां. तुम्ही खानावळवाल्या.”

मी हातातला घास ताटलीत ठेवला. मी पाणी प्याले. मग म्हणाले, “बाय, गेल्या वर्षी तू मीठ घातलं नव्हतंस. मी बघितलंय.”

“ते मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मीच ढवळत होते ना. आणि तुम्हीच ढवळ म्हणालात. आपल्या दोघींना माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

“सांगते.”

“कधी?”

“सांगते गो.”

“बरं,” ती म्हणाली आणि आणखी एक पळी वाढली. “खा. एवढी केलीय ती संपवायची कोणी?”

मी सांगितलं नाही. गौरी आल्या आणि गेल्या. नवरात्र झालं. अध्यक्षबाईकडे नातवाचं बारसं होतं, म्हटलं शुभ कामात नको. दिवाळीत तर कोण असलं बोलतं? मला कारणं कधी कमी पडली नाहीत. ती लिफ्टमध्ये भेटायची, तब्येत विचारायची. त्या गोष्टीची आठवण तिने एकदाही करून दिली नाही. एकदा नुसतं म्हणाली, “वहिनी, मी आता थकले हो.” मला वाटलं, जिन्याबद्दल बोलतेय. त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

डिसेंबरात तिच्या छातीत दुखायला लागलं. चार दिवस इस्पितळात होती, पाचव्या दिवशी गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. फोटोला हार, मेणबत्त्या, वंदना. मग अध्यक्षबाईने माइक घेतला. “काकू म्हणजे आमच्या मंडळाच्या फॅमिली मेंबर,” ती म्हणाली. “दर वर्षी आमची ऋषीची भाजी त्यांच्याच हातची असायची.”

त्यांच्याच हातची! माझ्या डोक्यात कढईतलं तेल उडावं तसं झालं. मी खुर्ची धरून उठले.

“खोटं बोलू नकोस,” मी म्हणाले. माइकची गरज पडली नाही, माझा आवाज खानावळीतला आहे. “तिच्या हातची भाजी तू मोरीत ओतलीस. तिने मीठ घातलं नव्हतं. भाजी करपत होती, मीच तिला हलव म्हणाले. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटी मान हलवली. ती खारट नव्हती. तुला तिचा हात नको होता.”

 तिचा मुलगा पहिल्या रांगेत होता. त्याने मागे वळून बघितलं. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. तिने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

“मावशी, बसा, बीपी वाढेल,” कोणीतरी माझा दंड धरला. दुसरी तिच्या शेजारणीला सांगत होती, “वय झालं की होतं असं. आठवणींची सरमिसळ होते. माझ्या सासूचं तसंच.” माझ्या सुनेने मला घरी नेलं. वाटेत म्हणाली, “आई, आजच बोलायचं होतं का?” ती चुकीचं विचारत नव्हती. सव्वा वर्षापूर्वी बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई लिफ्टमध्ये भेटली. रागावलेली नव्हती, हसली. “मावशी, तेव्हा तर तुम्हीच हो म्हणालात. सगळ्यांनी बघितलंय.”  सगळ्यांनी बघितलंच आहे. माझी मान हलताना बघायला हॉल भरलेला होता.

आता बिल्डिंगीत असं आहे, की भाजी खारट झाली होती आणि सातव्या मजल्यावरच्या म्हातारीला भ्रम होतो. पोरीबाळींना हेच कळणार. म्हणून शाळेची सवय नसलेल्या हाताने हे लिहून काढलं. ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

तिने पळी हातात घेतली तेव्हा हॉलमध्ये दोघीच होतो. ती गेली. मी आहे.